पहिल्या होकागेंचा धडा पूर्ण शिकवा: कोनोहाच्या अकादमीच्या मुख्याध्यापकांस खुले पत्र

प्रति,
मा. उमिनो इरुका,
मुख्याध्यापक, शिनोबी (निंजा) अकादमी,
कोनोहागाकुरे, अग्निदेश.

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या हाताखालून गेलेल्या अत्यंत हुशार विद्यार्थ्यांपैकी एक, उचिहा सासुके, याला ऐन तारुण्यात एक साधा प्रश्न पडला होता: गाव म्हणजे काय आणि शिनोबी म्हणजे काय? त्याचे उत्तर त्याला अकादमीच्या वर्गात मिळाले नव्हते आणि घरच्यांकडून मिळण्यासाठी घरचे कोणी उरले नव्हते. शेवटी चौथे शिनोबी महायुद्ध पेटलेले असताना त्याने मृतांना उठवण्याची विद्या जाणणाऱ्या ओरोचिमारूकरवी चार दिवंगत होकागेंना (गावप्रमुखांना) परत बोलावून घेतले आणि त्यांतल्या पहिल्यांकडून, सेंजू हाशिरामा यांच्याकडून, गावाच्या जन्माची हकीकत ऐकली. आपले गाव कशासाठी वसले हे कळण्यासाठी ज्या मुलाला मेलेल्या माणसाला उठवावे लागते, त्या मुलाच्या शाळेत इतिहासाच्या तासाला काय शिकवले जात होते, ही शंका मला अनेक वर्षे सोडत नाही. तिच्यापोटीच हे पत्र लिहीत आहे.

मासाशी किशिमोतो यांनी १९९९ ते २०१४ या काळात ‘नारुतो’ या जपानी चित्रकथेच्या ७०० प्रकरणांत चितारलेल्या आपल्या गावाचा मी एक दूरस्थ वाचक आहे. हे पत्र टपालाने आपल्यापर्यंत पोहोचण्याची सोय नाही, हे मी जाणतो. परंतु खुले पत्र ज्याच्या नावाने लिहिले जाते त्याच्यापेक्षा ते इतरांनीच अधिक वाचायचे असते, आणि आपल्या गावाची वंशावळ स्वतःच्या आजोळापेक्षा जास्त पाठ असलेले वाचक आमच्याकडे काही कमी नाहीत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. हाशिरामांचे नाव निघाले की चर्चा ताबडतोब बळावर जाते. ते ‘शिनोबींचे देव’ होते, त्यांच्या मोकुतोन (लाकूड उगवण्याच्या) विद्येने रणांगणावर एका रात्रीत जंगल उभे राहत असे, नऊ शेपट्यांच्या पशूला त्यांनी वठणीवर आणले, त्यांना हरवू शकेल असा कोण, वगैरे. हे सगळे खरे आहे आणि तरीही गैरलागू आहे, कारण बळ त्यांच्या शत्रूकडे, उचिहा मादाराकडेही, जवळजवळ तेवढेच होते आणि त्या शत्रूने त्या बळातून जगाला काय दिले हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हाशिरामांनी गावासाठी स्वतःच एक कसोटी ठरवून ठेवली होती, आणि ती मुलांची होती. त्यांचा वारसा मोजायचा असेल तर तो त्याच कसोटीवर मोजला पाहिजे, आणि ते मोजमाप मुलांसमोर, अकादमीच्या वर्गातच, उघडपणे झाले पाहिजे.

ही कसोटी कोठून आली ते पाहण्यासाठी गावाच्या आधीच्या काळात जावे लागते. कुळाकुळांच्या लढायांचा तो काळ होता. सरासरी आयुर्मान ३० वर्षांच्या आसपास होते आणि ते इतके खाली येण्याचे कारण मोठ्यांचे मरण नव्हते, मुलांचे होते, असे हाशिरामांनी सासुकेला स्पष्ट सांगितले आहे. त्यांचा धाकटा भाऊ कावारामा ७ वर्षांचा असताना लढाईत मारला गेला. त्याला मूठमाती देताना वडील बुत्सुमा यांनी शोक करायला मनाई केली. तो मूल म्हणून नाही, पूर्ण वाढीचा शिनोबी म्हणून मेला, त्याचा सन्मानच झाला, असे ते म्हणाले. हाशिरामांनी तेथेच विरोध केला आणि वडिलांचा मार खाल्ला. पुढे दुसरा भाऊ इतामा याला शत्रू असलेल्या उचिहा कुळातल्यांनी घेरून मारले. चार भावांपैकी दोघे उरले. नदीकाठी ज्या मुलाशी त्यांची ओळख झाली तो मादारा हाही असाच, भाऊ गमावत चाललेला. पाण्यावर भाकऱ्या काढता काढता दोघांची मैत्री जमली, कुळाचे नाव कोणी कोणाला सांगितले नाही, कारण परक्याला आडनाव सांगायचे नाही हा शिनोबींचा त्या वेळचा नियमच होता.

आता त्या दोन मुलांनी कड्यावर उभे राहून आखलेला बेत पाहा. त्यांना राज्य नको होते. त्यांना एक वस्ती हवी होती, जिथे मुलांना वाढायला आणि शिकायला वेळ मिळेल, जिथे शाळा असेल, जिथे आलेल्या कामांची प्रतवारी कोणी जाणता माणूस लावील आणि ज्याच्या अंगात जेवढे बळ तेवढेच काम त्याला देईल, म्हणजे एकाही मुलाला भर लढाईत पाठवावे लागणार नाही. आज आपल्या कचेरीत कामांवर जे ड, क, ब, अ असे दर्जे पडतात त्यांचा उगम या बोलण्यात आहे. कारकुनी वाटणाऱ्या त्या दर्जांमागे कावारामाचे थडगे आहे. लाटांच्या देशात निघालेल्या आपल्या तिघा विद्यार्थ्यांची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. पूल बांधणाऱ्या ताझुनाने पैशांअभावी कामाचा दर्जा खोटा सांगितला, वाटेत झाबुझा या मारेकऱ्याचे दोन साथीदार आडवे आले आणि खोटेपणा उघड होताच त्यांचे गुरू काकाशी यांनी मोहीम सोडून माघारी फिरण्याचा विचार बोलून दाखवला. पहिल्या होकागेंचा आवाज इतक्या वर्षांनी जर कोठे ऐकू येत असेल तर तो त्या विचारात आहे, कड्यावर कोरलेल्या चेहऱ्यात नाही. मुलांनी ऐकले नाही आणि ती पुढे गेली, हा भाग वेगळा.

स्थापनेच्या घटनेबद्दलही थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण ती सांगताना लोक निम्मीच सांगतात. हाशिरामांनी उचिहांना हरवले आणि गाव वसवले, असे नुसते म्हटले तर ते इतर कोणत्याही जेत्याच्या गोष्टीसारखे होते. प्रत्यक्षात हरलेला मादारा जमिनीवर पडलेला होता, धाकटे बंधू तोबिरामा त्याला संपवायला पुढे सरसावले होते, आणि जिंकलेल्या हाशिरामांनी त्यांना अडवले. तेव्हा मादाराने अट घातली की, खरोखर विश्वास हवा असेल तर आपल्या भावाला मार किंवा स्वतः मर, म्हणजे आपण बरोबरीला येऊ. मादाराचा शेवटचा भाऊ इझुना तोबिरामांच्याच हातून झालेल्या जखमेने गेला होता, हे लक्षात घेतले तर या मागणीतला पीळ कळतो. हाशिरामांनी भावाऐवजी स्वतःचा पर्याय दिल्याबद्दल त्याचे आभार मानले, आपल्या मरणानंतर मादाराला कोणी मारायचे नाही असे तोबिरामांना बजावले, आणि शस्त्र स्वतःवर उगारले. मादाराने त्यांचा हात धरला. गावाचा पाया त्या क्षणी पडला. जिंकलेल्याने हरलेल्यापुढे जीव ठेवला आणि हरलेल्याने तो परत केला, अशा दोन कृतींवर कोनोहा उभे आहे, आणि त्यांतली दुसरी कृती मादाराची आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, स्थापनेच्या धड्यात मादाराला सहसंस्थापक म्हणून स्थान द्यावे. त्याच्या पुढच्या कृत्यांना क्षमा करा असे मी म्हणत नाही. परंतु गावाला कोनोहागाकुरे हे नाव हातातल्या पानाकडे बघून त्याने दिले. पहिला होकागे तोच व्हावा ही हाशिरामांची इच्छा होती, आणि त्या कड्यावर पहिला चेहरा त्याचा कोरायचा असे ते त्याला सांगतही होते. अग्निदेशाचा आणि गावातल्या लोकांचा कौल हाशिरामांच्या बाजूने पडला, तोबिरामांनी तो योग्य मानला, मादाराने भावांचे ते बोलणे ऐकले आणि तेथून त्याची पाठ फिरली. या साऱ्यात कोण किती चुकले यावर वर्गात वाद व्हावा. पण सहसंस्थापकाचे नाव नुसते राक्षस म्हणून शिकवले, तर त्याच्या कुळात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपण या गावाचे भाडेकरू आहोत असे वाटणार. उचिहांना ते वाटले, आणि त्याचा शेवट काय झाला हे आपण सासुकेच्या रिकाम्या घरात पाहिले आहे.

एका बाबतीत मात्र हाशिरामांना मोकळ्या मनाने दाद दिली पाहिजे, आणि मराठी वाचकाला तर ती द्यावीच लागेल, कारण घराणेशाही म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पहिल्यांनंतर पद भावाकडे गेले, इथपर्यंत नेहमीचाच प्रकार वाटतो. पण दुसऱ्यांनी ते सारुतोबी कुळातल्या शिष्याच्या हाती दिले, चौथे होकागे मिनातो यांच्यामागे कोणतेही बडे कुळ नव्हते, आणि संस्थापकांची नात त्सुनादे पाचव्या क्रमांकावर, तीही नको नको म्हणत, जुगाराच्या अड्ड्यावरून शोधून आणावी लागली. (जुगाराची गोडी तिला आजोबांनीच लावली होती, हे संस्थापकांच्या चरित्रातले एक प्रांजळ पान. तेही गाळू नये.) शेजारच्या मेघग्रामात रायकागेपद (तिथले प्रमुखपद) बापाकडून मुलाकडे गेले. वाळूच्या गावात चौथ्या काझेकागेंचा मुलगाच पाचवा झाला. कोनोहात सेंजू हे कूळ गावात इतके विरघळून गेले की आज ते शोधावे लागते. सत्ता मिळालेल्या घराण्याने स्वतःचे नाव गावाच्या नावात हरवू द्यावे, ही गोष्ट मला त्यांच्या हजार हातांच्या प्रचंड लाकडी मूर्तीहून मोठी वाटते.

आता दुसरी बाजू, जी सांगायला जड जाते. हाशिरामांनी काढलेला नमुना सगळ्या देशांनी उचलला. एक देश, एक गाव, त्याचा एक कागे (प्रमुख). पण नमुना उचलताना त्यामागचा हेतू कोणी उचलला नाही. धुक्याच्या गावातही शाळा होती. तिथे उत्तीर्ण होण्यासाठी वर्गमित्राला ठार मारावे लागत असे, आणि आपल्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहिलेला झाबुझा हा त्याच परीक्षेने घडवलेला होता. म्हणजे कावारामा मेला म्हणून जी शाळा कल्पिली गेली, त्याच शाळेच्या अंगणात कावारामासारखी मुले एकमेकांकडून मारली जाऊ लागली. या गोष्टीचा दोष हाशिरामांवर टाकता येणार नाही हे उघड आहे. मात्र पुढच्या गोष्टीचा काही दोष त्यांच्याकडे जातो.

पाच कागेंच्या पहिल्या परिषदेत त्यांनी आपल्या ताब्यातले शेपटीधारी पशू (अफाट शक्तीचे राक्षसी प्राणी) इतर गावांना वाटून देण्याचा प्रस्ताव ठेवला. तोबिरामांच्या आग्रहामुळे त्याला व्यवहाराचे रूप आले, वाळूच्या काझेकागेंनी आमच्याकडे शुकाकू (एका शेपटीचा पशू) आहेच असे सांगून त्याऐवजी सुपीक जमीन आणि इतरांच्या पैशांतला हिस्सा मागितला, आणि हाशिरामांनी सर्वांसमोर मान झुकवून विनवणी केली. बळाचा समतोल राहिला तर कोणी कोणावर चालून जाणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. एवढा बलाढ्य माणूस तेथे डोके टेकवून रडला, हे वाचताना आजही मन हलते. पण हिशेब चुकला. प्रत्येक गावाला तो पशू कोठेतरी ठेवावा लागणार होता आणि तो माणसाच्या देहातच ठेवला जातो. कोनोहात पहिली वाहक स्वतः त्यांची पत्नी मितो झाली. तिने ते समजून उमजून पत्करले असेल. नंतरच्यांना विचारले कोणी? वाळूच्या गावातल्या गाराला जन्माआधीच त्याच्या बापाने शस्त्र ठरवले. धुक्याच्या गावाने तीन शेपट्यांचा पशू कोनोहाच्या रिन नावाच्या मुलीत कोंबला आणि ती काकाशींच्या हातावर मेली. समतोलासाठी वाटलेले ते पशू पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या पोटात वाढले. आपल्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा, तीनदा नापास झालेला, भिंतींवर रंग फासणारा मुलगा, नारुतो, त्यांतलाच एक होता.

इरुका सेन्सेई, येथे मला आपल्याच अनुभवाचा आधार घ्यावा लागतो. नऊ शेपट्यांच्या पशूच्या हल्ल्यात आपले आई-वडील गेले. त्या हल्ल्याची साखळी मागे शोधत गेले तर तो हल्ला घडवणारा ओबितो येतो, त्यामागे त्याला घडवणारा म्हातारा मादारा येतो, आणि मादारामागे ती दरी येते जिथे हाशिरामांनी मित्राला मागून भोसकले होते. गावात असलेल्या मोठ्यांना नारुतोच्या पोटात काय आहे हे माहीत होते. तिसऱ्या होकागेंनी त्याबद्दल बोलायला बंदी केली होती, मुलांना कळू नये म्हणून. मुलांना कारण कळले नाही. तिरस्कार मात्र बरोबर कळला, आई-बापांच्या नजरेतून जसाच्या तसा. इतिहास लपवला की त्यातले ज्ञान तेवढे गळते आणि द्वेष शिल्लक राहतो, हे आपल्याइतके जवळून कोणत्या शिक्षकाने पाहिले असेल? आपण तो तिरस्कार स्वतःच्या मनातही लढून हटवला, पाठीवर शस्त्र झेलून त्या मुलाला आपले म्हटले. म्हणूनच ही मागणी होकागेंच्या कचेरीकडे न करता आपल्याकडे करीत आहे.

दरीतला तो प्रसंग अकादमीने टाळू नये. नऊ शेपट्यांच्या पशूला घेऊन चालून आलेल्या मादाराला हाशिरामांनी अखेर मारले (मारले असे त्यांना वाटले), आणि मारताना जे बोलले त्याचा आशय असा: गाव राखणे हाच माणसे, शिनोबी आणि मुले राखण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे असे मी अजूनही मानतो, आणि या गावाला अपाय करणारा मित्र असो, भाऊ असो वा स्वतःचे मूल असो, मी त्याला क्षमा करणार नाही. मादाराने मरता मरता उत्तर दिले की, तू बदललास, हे साध्य-साधनाची उलटापालट करणे आहे आणि पुढे हेच गावाचा अंधार होईल. दुर्दैवाने त्या दिवशी खरे भाकीत हरणाऱ्याने केले. मुलांसाठी गाव, या वाक्यातले शब्द जागा बदलून गावासाठी मूल असे झाले, आणि पुढे दान्झोसारख्या गावातल्या वरिष्ठांनी ते वाक्य अक्षरशः घेतले. एका रात्रीत उचिहा कूळ संपवण्याची आज्ञा सासुकेच्या १३ वर्षांच्या थोरल्या भावाला, इताचीला, दिली गेली ती गावाच्याच नावाने. ‘गावासाठी स्वतःचे मूलही’ म्हणणाऱ्या माणसाला आपल्या उच्चाराचा हा अर्थ मान्य झाला असता असे मला वाटत नाही. सासुकेकडून इताचीची हकीकत निघाली तेव्हा त्यांनी तोबिरामांना दिलेले बोल पाहिले तर ते दिसतेच. पण संस्थापक जे बोलतो त्याचा अर्थ लावण्याचा हक्क पुढे त्याच्याकडे राहत नाही.

तोबिरामांविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. चाहत्यांत त्यांना खलनायक ठरवण्याची एक टूम आहे, ती मला पटत नाही. कड्यावरचा बेत हाशिरामांचा होता, पण अकादमी प्रत्यक्षात उभी केली ती तोबिरामांनी, आणि आपण आज ज्या खुर्चीवर बसता ती त्यांची देणगी आहे. उचिहांना पोलीस दलाचे काम देण्यात त्यांनी विश्वास आणि पाळत या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयात बसवल्या. त्यातला विश्वास त्यांच्याबरोबर गेला आणि पाळत राहिली. थोरल्याने माणसावर भरवसा ठेवला पण तो टिकवणारा नियम मागे ठेवला नाही, आणि धाकट्याने नियम ठेवला पण तो ज्याच्यावर लागू व्हायचा त्या माणसावर भरवसा ठेवला नाही. दोघे एकत्र असताना गाव चालले. दोघे गेल्यावर उरलेल्यांना ही जोडी पुन्हा जुळवता आली नाही.

आता त्या कसोटीकडे वळतो. हाशिरामांचा स्वतःचा नातू नावाकी १२ वर्षांचा असताना युद्धात मारला गेला. आजोबांचा गळ्यातला दगड त्याच्या गळ्यात होता. काकाशी ५ व्या वर्षी अकादमीतून बाहेर पडले आणि किशोर वयातच जोनिन (वरच्या दर्जाचे शिनोबी) झाले, कारण युद्धाला माणसे कमी पडत होती. ओरोचिमारूने हाशिरामांच्या पेशी ६० बालकांच्या देहात घातल्या, त्यांतले एकच जगले. ज्या माणसाने मुले वाचावीत म्हणून सारे केले, त्याच्या देहाचा उपयोग मुले मारण्यासाठी झाला. दान्झोने त्याच पेशींचा हात लावून घेतला, मादाराने त्याच पेशींच्या बळावर मरणाला चुकवले. हाशिरामांचे जे काही या जगात हौसेने जपले गेले ते त्यांचे मांस होते. त्यांचा बेत कोणी चोरला नाही, कारण त्यातून कोणाला बळ मिळणार नव्हते. आणि चुनिन (मधल्या दर्जाच्या शिनोबीच्या) परीक्षेत? जंगलात शिरण्याआधी १२-१३ वर्षांच्या उमेदवारांकडून मेल्यास जबाबदारी कोणाची नाही अशा कागदावर सही घेतली जात होती. ते कागद बुत्सुमांनी पाहिले असते तर त्यांना समाधान वाटले असते. त्यांचा युक्तिवाद तोच होता.

मी हे सारे हाशिरामांना खाली ओढण्यासाठी लिहीत नाही, आणि तसे वाटत असेल तर त्यांचेच अखेरचे बोल आठवावेत. युद्धाच्या शेवटी, मरणासन्न मादाराजवळ बसून ते म्हणाले की, आपण दोघांनीही घाई केली. स्वप्न आपल्याच हयातीत पुरे करण्याची गरज नव्हती, ते ज्यांच्या हाती सोपवायचे अशी पुढची माणसे घडवणे अधिक महत्त्वाचे होते. आता मात्र लढवय्ये सोबती म्हणून एकत्र पेला उचलता येईल, असेही ते म्हणाले. स्वतःच्या कामाचा एवढा स्वच्छ हिशेब किती संस्थापकांनी दिला आहे? आम्ही संस्थापकांना दगडात बसवतो आणि त्यांच्याबद्दल एक शब्द इकडचा तिकडे झाला की रस्त्यावर उतरतो, त्यामुळे हा प्रसंग वाचताना मला थोडा हेवाही वाटतो. ज्याने स्वतः आपली चूक सांगितली त्याच्या चुका वर्गात सांगितल्याने त्याचा अवमान होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल की, ८-१० वर्षांच्या मुलांना इतका कडू इतिहास पेलणार नाही. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण आपल्या अकादमीत त्याच वयाच्या मुलांच्या हातात शुरिकेन (फेकायचे धारदार शस्त्र) दिले जाते, माणसाच्या शरीरावर ते कोठे लागले तर काय होते हे शिकवले जाते. ज्या मुलाला नेम धरायला शिकवणे वयाला साजेसे मानले जाते, त्याला ते शस्त्र आपल्या हातात यायला नको म्हणून कोणी कोणी काय केले, हे सांगणे वयाबाहेरचे कसे? शिवाय नेमके आत्ताच हे करणे शक्य आहे. पाच गावे एकत्र लढून बाहेर आली आहेत, शेपटीधारी पशू मोकळे झाले आहेत, सातव्या होकागेंना, म्हणजे त्याच नारुतोला, त्यांतल्या एकाचे नाव नुसते ठाऊकच नाही तर ते त्याच्याशी रोज बोलतात. अडचणीचा इतिहास शांततेतच शिकवता येतो. पुढचे युद्ध आले की पुन्हा कोणाला तरी सोयीचा इतिहास हवा होईल.

म्हणून नेमक्या मागण्या अशा आहेत. पहिल्या होकागेंच्या धड्यात कावारामा, इतामा आणि नावाकी ही तीन नावे घालावीत, आणि त्यांच्यापुढे त्यांची वये लिहावीत. कागे परिषदेतला पशूंचा व्यवहार, त्यातला हेतू आणि त्याचा परिणाम, दोन्ही सांगावेत. मादाराने धरलेला हात आणि दरीतले शब्द हे दोन्ही प्रसंग एकाच तासात शिकवावेत, वेगवेगळ्या इयत्तांत नव्हे, नाहीतर मुले एक लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. सहल दरीपर्यंत न्यावी. तेथील दोन पुतळे सातव्या होकागेंच्या आणि सासुकेच्या झुंजीत कोसळले, त्यामुळे मुले त्यांच्या उंचीने दिपून जाण्याची भीती आता नाही.

आणि वार्षिक परीक्षेत मोकुतोनच्या प्रकारांची यादी विचारण्याऐवजी हा एक प्रश्न घालावा: ‘पहिल्या होकागेंनी गाव ज्यासाठी वसवले ते काम गेल्या वर्षी गावाने किती केले, ते आपल्या वर्गातील मुलांकडे पाहून लिहा.’ उत्तरपत्रिका आपण स्वतः तपासाव्यात, आणि तपासून झाल्यावर त्या सातव्या होकागेंकडे पाठवाव्यात. तीनदा नापास झालेल्या त्या विद्यार्थ्याला हा पेपर बहुधा सोपा गेला असता.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कोनोहाचा एक मराठी वाचक